पोलंडहून आलेला वीर

एका आंधळ्या म्हातारीला मी फसवलं. परदेशातल्या एका माणसाला तिचा मेलेला मुलगा बनवून तिच्या पायरीवर उभं केलं. ती म्हातारी माझी सासू. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, म्हणजे ‘पोर होते, कळत नव्हतं’ असं म्हणायचीही सोय नाही.

माणूस पोलंडचा. जळगावच्या एका कंपनीत ठिबकच्या नळ्यांचं काम बघायला दोन वर्षांसाठी आलेला. कंपनी जळगावात फ्लॅट देत होती, तो सोडून हा आमच्या पारोळ्यात, आमच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिला. का, तर गावात किल्ला आहे! सामान काय, तर एक बॅग कपड्यांची, दोन पेट्या कॉमिक्सच्या आणि एक लांबडं बोचकं, त्यात लाकडी तलवारी. त्याच्या देशात म्हणे जुन्या पुस्तकांतली चित्रं बघून तलवार शिकणाऱ्यांची मंडळं असतात. चाळिशीचा बाप्या, आणि रोज संध्याकाळी गच्चीवर हवेशी लढायचा. फाल्गुनात तिथं माझे बिबडे वाळत पडलेले असत, ज्वारीचे हे एवढाले पापड. त्यांच्यामधून तो पुढे-मागे सरकायचा, पण एक बिबडा कधी मोडला नाही.

आधी मी नाक मुरडलं. मग एक कॉमिक्स चाळायला घेतलं. मग दोन्ही पेट्या संपवल्या. इंग्रजी अर्धं कळायचं, चित्रं पूर्ण कळायची. घरात कोणी नसलं की हातात उलथनं घेऊन मी ओट्यासमोर पवित्रा घ्यायचे. धुळ्याला उडत्या अजगराचा सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं गेलो. ह्यांनी मस्त झोप काढली आणि मी नि तो पोलंडवाला लहान पोरांसारखे ओरडलो. पदर खांद्यावर नीट घेऊन ओरडले, एवढीच काय ती माझी अब्रू.

तर ती धुळवड.

आमच्याकडे धुळवडीला वीर काढतात. घरातला कोणी अकाली गेला असेल तर त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात असतो. त्या दिवशी भाऊबंदांतला एक पुरुष तो टाक लाल फडक्यात बांधून डाव्या हातात धरतो, उजव्या हातात तलवार घेतो आणि डफाच्या तालावर विझलेल्या होळीला फेरे घालून येतो. टाक पुन्हा देव्हाऱ्यात बसेपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. तेवढा वेळ तो माणूस नसतो, वीर असतो.

आमचा वीर म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलेलं नाही. एकोणीस वर्षांचे होते. सकाळी आईशी भांडून, भरलं ताट सरकवून शेतात गेले, आणि दुपारी पान लागलेलं, म्हणजे साप चावलेलं, शरीर बैलगाडीतून घरी आलं. तेव्हापासून दर धुळवडीला वीर परत आला की सासूबाई पायरीवर त्याचे पाय धुवायच्या, आणि वर तोंड करून एकच विचारायच्या, “जेवना का, भाऊ?” म्हणजे, जेवलास का रे पोरा? वीर बोलत नाही. मग त्या ओल्या हातानं स्वतःचं तोंड पुसायच्या आणि आत यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते. पुढे पुढे दोन्ही डोळ्यांत धुकं आलं, तरी पायरी चुकली नाही.

त्या वर्षी सकाळीच पाचोऱ्याहून भावकीतल्या पुतण्याचा फोन आला. “काकू, पाय मुरगळला. उभंच राहवत नाही.” दरवर्षी तोच वीर घ्यायचा. ह्यांची कंबर आठवडाभर धरलेली, पलंगावर आडवे.

“अक्काला सांगून टाक, यंदा वीर नाही,” हे म्हणाले. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो.

“तुम्ही सांगा.”

“मी कसा सांगू?”

सासूबाई तर सकाळपासून तांब्या घासून पायरीवर बसलेल्या.

मला त्यांची दया आली असं मी पुढे लोकांना सांगत आले. खरं सांगू का? मला त्या माणसाला फेट्यात बघायचं होतं. कॉमिक्समधलं पान आपल्या गल्लीतून चालत जाताना बघायचं होतं. बस्स. मी गच्चीवर गेले, त्याला अर्ध्या हातवाऱ्यांनी सगळं समजावलं. त्याचे डोळे असे चमकले की मीच लाजले. ह्यांचं धोतर, लाल फेटा, तोंडाला गुलाल, गोऱ्या पायांना चुलीतली राख. “बोलायचं नाही. एक शब्द नाही,” मी ओठावर बोट ठेवून बजावलं. सासूबाईंना म्हणाले, “अक्का, पाचोऱ्याचा आला बरं.”

शेजारीण दारातूनच खिदळली, “काय व बाई, यंदाना वीर भलताच उच्चा दखास!”

“उंच तर उंच, तू गप व!” मी दटावलं.

रंग खेळून गल्ली रिकामी झालेली. ऊन असं, की सावल्या भिंतीला चिकटून बसलेल्या. डफ सुरू झाला. पहिला फेरा त्यानं गच्चीवरच्यासारखाच घातला, मोजून मापून. पोरं हसत होती. दुसऱ्या फेऱ्याला त्यानं न थांबता हात बदलले. टाक उजव्यात, तलवार डाव्यात. मी त्याला कधी डाव्या हातानं साधा कपही उचलताना पाहिलं नव्हतं. पावलं घसटत पडायला लागली. ते मोजून सरकणं कुठल्या कुठं गेलं. हसणारी पोरं मागे सरकली. डफवाला म्हातारा वाजवायचा थांबला, तरी हा फिरतच राहिला. विझलेल्या राखेत पाय घासल्याचा तेवढा आवाज.

तो पायरीशी परतला. सासूबाईंनी पाय धुतले. राख निघून गोरे पाय दिसायला लागले. त्या घोट्यांवरून बोटं फिरवत बसल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी आरतीचं ताट आणायला आत पळाले. मागून ऐकू आलं,

“जेवना का, भाऊ?”

आणि लगेच, कोवळ्या, जरा बसलेल्या आवाजात,

“जेवनू, माय.”

ताट तिथंच टाकून मी बाहेर आले. तो उभा होता, ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. पलंगावरून ह्यांनी हाक मारली, “कोण आलंय गं बाहेर?” मी आत जाऊन ताट उचललं.

टाक देव्हाऱ्यात बसला, त्यानं फेटा उतरवला आणि दोन तांबे पाणी प्यायला. मी त्याच्यावर खेकसले, “बोलायचं नाही म्हटलं होतं ना?”

“मी बोललो नाही, ताई. तुम्ही सांगितलं होतं,” तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला.

“आणि तलवार डाव्या हातात का घेतली?”

त्यानं स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर फोड आला होता. “घेतली?” तो म्हणाला.

आता तो शेताशेतांत फिरायचा, तिथं भेटेल तो ‘जेवना का’ विचारतो. उत्तर त्याला पाठ असणारच. चुकून तोंडातून गेलं असेल आणि मग घाबरून नाकबूल झाला असेल. मी स्वतःला असंच समजावते. तो पुढच्या वर्षी त्याच्या देशात परत गेला. अजून फोन करतो, नव्या सिनेमांचं सांगतो, मीही माझं सांगते. इतर सगळ्या गोष्टींवर आम्ही हसतो, एवढ्या एका गोष्टीवर हसत नाही.

सासूबाई त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त जेवल्या. तिसऱ्या दिवशी चहा देताना मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, “अक्का, मी खोटं बोलले. पाचोऱ्याचा नव्हता तो. वरचा गोरा होता.”

त्यांनी बशी खाली ठेवली. धुकं भरलेले डोळे माझ्याकडे वळवले आणि म्हणाल्या, “दरसाल परकाच रहास, व माय. मना पोऱ्या आते कोठे येस? पन मी इतला वरीस इचारस, यंदा पयलेंदाव कोनी तरी ‘जेवनू’ म्हनं.”