हास्यक्लबाचं बहुमत

साठी उलटलेली तीस-बत्तीस माणसं रोज सकाळी सहाला बागेत जमून मुद्दाम हसायला लागली, की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पंचवटीतल्या आमच्या हास्यक्लबात मी नऊ वर्षं हसतोय. त्यातली शेवटची तीन वर्षं आदेशावरून! टीव्हीवर विद्वान मंडळी सांगत असतात, लोकशाही घसरली की अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण, करमणूक, सगळंच घसरतं. आम्हाला हे कळायला टीव्ही लावावा लागला नाही.

*

सुरुवात निवडणुकीपासून झाली. अध्यक्षपदाला बापू खैरनार उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आवाज असा की समोरच्याने दोन पावलं मागेच सरकावं. त्यांच्याविरुद्ध वसंता सोनवणे, मूळचा नामपूरचा, निवृत्त बस कंडक्टर आणि नकला करण्यात पटाईत.

सचिव कुलकर्णी म्हणाले, "बापूंच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

आता आमची गोची अशी, की 'हात वर' म्हटलं की आमचे दोन्ही हात वर जातात आणि तोंडातून "हो हो, हा हा हा" बाहेर पडतं. आमचा पहिला व्यायामच तो! एकतीस जणांचे दोन्ही हात वर गेले. वसंताचेसुद्धा! कुलकर्णींनी इमानदारीत हात मोजले. मतं पडली बासष्ट.

"अहो, माणसं एकतीस आणि मतं बासष्ट?" मी विचारलं.

"यालाच लाट म्हणतात," बापू म्हणाले.

पुढच्या वर्षी निवडणूक झालीच नाही. "मागच्या वेळी दोन वर्षांची मतं एकदम मिळालीत, आता परत कशाला?" हे बापूंचं स्पष्टीकरण. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलंच नाही. त्यात मीही आलो.

*

बागेच्या गेटवर मीराताईची रसाची गाडी. मखमलाबादकडची बाई, घरच्या मळ्यातला दुधी, आवळा, गाजर, जे हवं त्याचा रस द्यायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्या गाडीवरच चालायचं. एके दिवशी शेजारी दुसरी गाडी आली. बापूंच्या साडूची! क्लबचा 'अधिकृत रस' म्हणून. आणि रस एकच, कारल्याचा.

"बापू, दुसरं काहीच नाही?" वसंताने विचारलं.

"पर्याय दिले की माणूस गोंधळतो."

महिनाभर आम्ही कारलं प्यायलो आणि वर "वा!" म्हणालो. मीराताईकडचा आवळा मात्र मफलरच्या आड ग्लास धरून प्यायचा. एकदा मला तसं पिताना कुलकर्णींनी पकडलं. त्यांच्याही हातात ग्लास होता, तेव्हा प्रकरण तिथेच मिटलं!

*

बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात प्राणायामवाले बसतात. आमच्या हसण्याने त्यांची समाधी मोडते, ही जुनी तक्रार. पूर्वी वसंता चहाचा थर्मास घेऊन जायचा, चार गप्पा मारायचा, भांडण संपायचं. बापू आले आणि जाहीर झालं, "आता कणखर भूमिका!" म्हणजे काय, तर त्यांच्याकडे तोंड करून डबल आवाजात हसायचं.

दर वर्षी आम्ही आणि ते मिळून एक बस करून सप्तशृंगीच्या गडावर जायचो. त्या वर्षी त्यांनी आपली वेगळी बस केली. आमची बस काही भरेना, शेवटी सहल रद्द. त्यांची भरगच्च बस हॉर्न वाजवत समोरून गेली, तेव्हा बापू आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा, कसं एकटं पाडलं त्यांना!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. आता सांगताना लाज वाटते, पण वाजवल्या.

*

वर्धापनदिनाला वसंताच्या नकला ठरलेल्या. बापूंची नक्कल तर हमखास वन्स मोअर! यंदा फतवा निघाला, नकला आधी लेखी सादर कराव्यात.

"मांजराची नक्कल लेखी कशी देऊ, भाऊ?" वसंता कुलकर्णींना म्हणाला.

"ते तुम्ही बघा."

वसंताने कागदावर लिहून दिलं, 'म्याव, म्याव, म्याव. मग मोराची चाल.' कागद परत आला तेव्हा एक म्याव खोडलेला होता आणि मोरावर फुली मारलेली. मोराची चाल समितीला ओळखीची वाटली म्हणे!

"मोर आपला सभासद शे का?" वसंताने विचारलं. हे वाक्यही लेखी द्यायला सांगितलं.

*

आणि मग परवाची गोष्ट. कारल्याचा खप होईना, म्हणून बापूंनी महापालिकेला द्यायचं पत्र आणलं. गेटवरच्या गाडीचा सभासदांना त्रास होतो, ती हलवावी. गाडी मीराताईची. गाडी गेली तर ती बाई खाणार काय, नवऱ्याला औषध आणणार कुठून?

बापू बाकावर बसले आणि म्हणाले, "हातांचा घोळ नको. ज्यांना पत्र मान्य, त्यांनी हसायचं. विरोध असेल त्याने गप्प बसायचं. चला, एक, दोन, तीन!"

कुणी हसलं नाही.

बापूंनी परत मोजलं. एक, दोन, तीन. मी पायाखालच्या गवताकडे बघत होतो. वसंताने ओठ दाताखाली धरले होते. कुलकर्णी सवयीने हसायला गेले, त्यांनी हाताने तोंड दाबलं. पलीकडे प्राणायामवाल्यांनी एकेक करून डोळे उघडले. नऊ वर्षांत त्या बागेत इतकी शांतता कधी झाली नव्हती.

"अरे, हसा ना!" बापू ओरडले. आवाज चिरकला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

तेवढ्यात गेटकडून चपलांचा फटफट आवाज आला. गाडी तशीच उघडी टाकून मीराताई धावत येत होती, हातात पाण्याचा तांब्या. धापा टाकत तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, मग बापूंकडे. तांब्या त्यांच्या हातात दिला.

"बापू, तुम्ही आधी पाणी प्या," ती म्हणाली. "मग सांगा, कोण गेलं?"