औशाचे मार्गदर्शक अण्णा

कोणाच्याही घरात शिरले की अण्णा मुलाचे नाव विचारत नसत. “किती पडले?” एवढेच विचारत. आकडा कळला की चपला काढण्यापूर्वीच त्या मुलाचे पुढील आयुष्य ठरवून मोकळे होत. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला औशातील आमची गल्ली ‘मार्गदर्शक अण्णा’ म्हणत असे. हा अधिकार त्यांना कोणी व कोणत्या नियमान्वये बहाल केला, हे चाळीस वर्षे वकिली करूनही मला शोधता आले नाही.

त्यांच्या ज्ञानाच्या नकाशात दोनच गावे होती, डॉक्टर आणि इंजिनिअर. उरलेले जग म्हणजे ‘वाया गेलं’. प्रवेश परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात मुलगा मागे पडला, तर लातूरला खोली घेऊन ‘रिपीट’. दुसऱ्यांदा पडला, तर पुन्हा रिपीट. या सल्ल्याचे ते एक पैसाही घेत नसत. त्यामुळेच ते सुटले. मोबदला घेतला असता, तर ग्राहक न्यायालयात मी स्वतः त्यांना खेचले असते. फुकट सेवेविरुद्ध तिथे दाद मागता येत नाही.

माझी पुतणी रेवती अकरावीत असताना आमच्या शेतात विहीर खणली. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा निघाला. तो दोन्हींच्या मध्ये कसा अडकला, हे ती भेटेल त्याला विचारत सुटली. शेवटी कॉलेजातील एका बाईंनी सांगितले की खालचा लाव्हा थंड होऊन त्यावर माती साचली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि माती भाजून निघाली. त्या दिवसापासून तिला भूगर्भशास्त्रच शिकायचे होते. वाट सरळ होती. विज्ञान शाखेतून बारावी, नांदेडला पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण आणि भूवैज्ञानिकांची केंद्राची परीक्षा. तेही नको असेल, तर भूजल आहे, खाणी आहेत.

अण्णा हसले. “वकीलसाहेब, लई हुशार हाय पोरगी. तिला दगड फोडायला लावता का?”

“अण्णा, तिथं काय शिकवतात, माहीत आहे का तुम्हाला?” रेवतीने विचारले.

“म्हाईत कशाला पायजे? आपल्या गल्लीतलं कोन गेलंय का तिकडं? न्हाई ना? मंग!”

ज्या तालुक्यात किल्लारीची जमीन एका पहाटे हलली आणि घरेच्या घरे माणसांवर कोसळली, त्याच तालुक्यात जमीन शिकू पाहणाऱ्या मुलीला हा माणूस हसत होता. आणि माझा धाकटा भाऊ, तिचा बाप, मान डोलावत होता!

रेवती एक वर्ष रिपीटला बसली. डॉक्टरकीला गुण पुरले नाहीत. तेव्हा अण्णांनी नवा मंत्र दिला, “फेरी बाकी हाय.” प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत आयुर्वेद मिळेल, तिसऱ्या फेरीत दात तरी मिळतील. एकाही फेरीत नंबर लागला नाही. मी रेवतीला घेऊन नांदेडला धावलो, तर अण्णाही न बोलावता बसमध्ये येऊन बसले. भूगर्भशास्त्राच्या काही जागा रिकाम्या होत्या. पण प्रवेशाची मुदत आदल्याच आठवड्यात संपली होती.

मी प्राचार्यांपुढे नियम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे तारीख दाखवली. मुदत गेली की हक्क असूनही दाद नाही, हे मी जन्मभर पक्षकारांना सुनावले होते. बाहेर आलो. रेवती खांबाला टेकून उभी होती. अण्णा व्हरांड्यात बिलोलीच्या कोणा पालकाला समजावत होते, “घाई करू नका, फेरी बाकी हाय.”

मी त्यांच्याशी बोलणे सोडले. त्यांनी नाही सोडले. माझी पत्नी लातूरच्या दवाखान्यात होती, तेव्हा हाच माणूस डबा घेऊन रोज पहिल्या बसने यायचा आणि जिन्याखाली बसून राहायचा. मी आभार मानले नाहीत. “मानू नका,” ते म्हणाले, “पन जेवा तरी.” अशा माणसाचा धड तिरस्कारही करता येत नाही, याचा मला अधिकच संताप येई.

पुढच्या वर्षी रेवतीने कोणालाही न विचारता नांदेडला प्रवेश घेतला. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

अण्णा या उन्हाळ्यात गेले. शोकसभेत जो उठला तो आपल्या डॉक्टर मुलाचे श्रेय त्यांना देऊन बसला. ‘वाया गेलेली’ मुले सभेला आली नव्हती. मी बोललो नाही. फोनवर रेवती मात्र हमसून हमसून रडली. मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतील बाई मुलीचा हात धरून दारात उभ्या राहिल्या. “साहेब, अण्णा तर न्हाईत आता. तुमीच सांगा, हिला कुठं घालू?”

मी दोघींना बसवले, आत चहा सांगितला आणि आधी विचारले, “अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती?”