पालथी वाटी

डावआप्पा माणसाला घाबरवताना आवाज चढवत नसत, उतरवत. इतका उतरवत की आपण आपोआप पुढं झुकायचो, आणि झुकलो की संपलंच. "दार ढकललंस. आत कोणतरी बसलंय. तुझ्याकडं पाठ हाय," एवढंच म्हणून ते गप्प बसायचे. शहापुरातल्या त्यांच्या बंद पडलेल्या विणकामाच्या मागांच्या शेडमध्ये, छपराच्या काचेतून भर दुपारचं ऊन खाली पडलेलं असताना माझ्या अंगावर काटा यायचा. रात्री काय, कुणीही घाबरवील. आप्पा गेले त्याला आता वर्ष होईल, पण शेजारी कुणी हळू बोलायला लागलं की मी अजून आधी मागं वळून बघते.

आमचा खेळ काय होता ते सांगायला हवं, कारण निपाणीला माझ्या माहेरी तो आजवर कुणाला समजलेला नाही. आईला वाटतं आम्ही पत्ते कुटतो. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडेल तिथं फासा टाकतात. आप्पा बंगळूरला नोकरीत होते तेव्हा ऑफिसातल्या पोरांकडून हे शिकले. निवृत्त होऊन परत आले, पाठोपाठ बायको गेली, आणि वडिलांच्या मागांच्या मधोमध त्यांनी टेबल मांडलं. दर रविवारी आम्ही चार-पाच जण जमायचो; डाव तेच चालवायचे, म्हणून ते डावआप्पा. मी विमा ऑफिसातली, प्रताप सांबऱ्याचा गॅरेजवाला, बाकीचे येऊन-जाऊन. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते आक्का म्हणायचे.

छापील नियमांत भीतीला गुण असतात. भूत दिसलं, फासा टाका, आकडा कमी पडला तर तुम्ही घाबरलात. आप्पांना हे अजिबात पटायचं नाही. "तू घाबरलास हे फासा सांगणार व्हय? मग तू कशाला आलास? फाशालाच बसवतो की खुर्चीत." त्यांच्या डावात तशी वेळ आली की ते उलट विचारायचे, "काय दिसतंय? तूच सांग." मग जे तोंडातून निघायचं ते आपलं आपल्यालाच नकोसं व्हायचं. प्रताप एरवी गाडीचं इंजिन एकटा उचलेल असा गडी. तो एकदा म्हणाला, "विहिरीत पाणी न्हाय. पण कोणतरी पोहतंय." म्हणाला आणि स्वतःच तांब्याभर पाणी प्यायला.

धीर म्हणजे चिंचोके. प्रत्येकाला मूठभर मिळायचे, पण स्वतःसाठी एकही खर्चायची सोय नव्हती. शेजारचा घाबरला की त्याच्याकडं सरकवायचा, आणि ज्यानं सरकवला त्यानं त्याच्याबरोबर त्या दारातून आत जायचं. हा कुठला न्याय म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, "आपल्यापुरता धीर कुणाकडं असतोय गं आक्का? असला तर ती नुसती मग्रुरी."

आणि प्रत्येकापुढं एक पितळी वाटी असायची. सोसेना झालं की ती पालथी घालायची. डाव तिथंच थांबायचा, चहा यायचा, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. या बाबतीत आप्पा फार कडक. प्रतापनं एकदा एका नव्या मुलीला रिक्षात सहज विचारलं, तर त्याला त्यांनी महिनाभर शेडची पायरी चढू दिली नाही.

एका उन्हाळ्यात त्याच प्रतापला खुमखुमी आली. आप्पांनी नेहमीसारखं विचारलं तर हा म्हणतो, "आमचं रोजचंच हाय. आज तुमी सांगा आप्पा. तुमाला काय दिसतंय?"  आप्पा कोपऱ्यातल्या मागाकडं बघत राहिले. त्या मागावर धुळीचं फडकं होतं, बाकी काही नव्हतं. मग त्यांची नजर सावकाश सरकत दारापर्यंत आली, कुणी चालत जाताना बघावं तशी. आणि त्यांनी चाचपत स्वतःची वाटी पालथी घातली.

आम्ही चहा प्यायलो. नियम म्हणजे नियम! पुढच्या रविवारी वाटी पुन्हा पालथी, त्याच्या पुढच्याही. आप्पा बशीत ओतायचा चहा बशीबाहेर ओतू लागले, फाशाचे आकडे आम्हाला वाचायला लावू लागले. आमच्यापैकी एकानंही तोंड उघडलं नाही, इतके आम्ही शहाणे. मग एकदा मी त्यांच्यामागून त्यांच्या घरचा जिना उतरत असताना ते मधेच भिंतीला चिकटून, अंग चोरून उभे राहिले, वर येणाऱ्याला वाट द्यावी तसे. वर कुणी येत नव्हतं. 

"आप्पा, मी विचारणार," मी म्हणाले. "डावातून काढायचं तर काढा."

ते पायरीवरच बसले. "बायका असतात. कवा टोपीवाले गडी. तू मला धुरकट दिसतीस, पण त्यांच्या लुगड्याचे काठसुद्धा लख्ख दिसतात. बोलत न्हाईत. माझ्याकडं बघतबी न्हाईत." खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. गेले नाही, एवढंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसला होता. नजर अशी मंदावली की कधीकधी मेंदू आपला आपणच चित्रं काढत बसतो, म्हणाले, हे वेड नाही आणि बाहेरचंही काही नाही. ऑपरेशन केलं की बहुतेक थांबेल. लांबवलं तर डोळे कायमचे जातील. माझा जीव भांड्यात पडला. आप्पांचा चेहरा मात्र उतरला. "थांबेल म्हंजे? ती माणसं परत येणारच न्हाईत?"

बाहेर येऊन ते साफ नको म्हणाले. मी रस्त्यातच भांडले. दुनियेला धीर शिकवता आणि सुईला भिता, असंही बोलले.

"सुईला न्हाय गं," आप्पा म्हणाले. "एवढी माणसं येतात, ओळखीचं त्यात एक न्हाय. शालन अजून आली न्हाय." शालन म्हणजे त्यांची बायको. "परके येतात तर तीबी येईल की आज ना उद्या. मी डोळे करून घेतले, आणि ती दुसऱ्या दिवशी यायची असली तर?"

 मला रडू आलं, आणि त्यांनीच मला उसाचा रस पाजला.

तारीख शेवटी त्यांनी स्वतःच ठरवली. ऑपरेशन चांगलं झालं, पुढं ते सुईत दोरा ओवण्याइतके बरे झाले, आणि ती मुकी माणसं पुन्हा फिरकली नाहीत. पण मला आठवतो तो आदला दिवस. सकाळी फोन आला, "येतीस काय आक्का? एकट्याला बसवंना." मी रजा टाकली. शेडमध्ये दोन खुर्च्या मांडून आम्ही बसलो. "दोघी आल्या. हिरवं लुगडं," ते हळूच सांगायचे. मला उन्हात तरंगणारी धूळ दिसायची. दर वेळी त्यांची मान पुढं व्हायची आणि पुन्हा मागं यायची. एकदा ते अर्धवट उठले. मीही उठले.

"न्हाय," ते खाली बसत म्हणाले. "नाक वेगळं हाय."

छपरावरचं ऊन कललं. शेजारच्या गल्लीतले माग थांबले. आप्पा काठी घेऊन दाराशी गेले, वळले, आणि रोज घरात बोलावं तशा आवाजात त्या कोपऱ्याला म्हणाले, "शालन, उद्या ऑपरेशन हाय माझं. यायचं असलं तर आत्ता ये."

आम्ही दोघंही थांबलो. बराच वेळ थांबलो.

मग त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली. "कुलूप तू लाव आक्का. मला भोक दिसत न्हाय."