बिनदुधाचा चहा आणि मावशींचा रतीब

पित्त फार झालं म्हणून डॉक्टरांनी मला चहा सोडायला सांगितला, तर मी आणखी पाच प्रकारचे चहा धरले. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. राहायला मी पोलादपूरला, शाळा महाडला. शिक्षकांच्या खोलीत दिवसाकाठी सात-आठ कप व्हायचे, तेही उकळून उकळून विटकरी झालेल्या दूध-साखरेच्या चहाचे. संध्याकाळच्या एसटीत छातीतला जाळ सांभाळत मी घरी यायचो.

महाडच्या बाजारपेठेत एका तरुण दुकानदाराने आयुर्वेदिक औषधांशेजारी हर्बल चहाची नवी फळी मांडली होती. पहिलं पाकीट मी त्यावरच्या बाईची कंबर बघून घेतलं. ग्रीन टी. घरी येऊन त्याची पुडी दुधात टाकली, वर दोन चमचे साखर, आलं ठेचून, आणि दहा मिनिटं खळखळ उकळी. पुडी फुटली. गाळून प्यायलो. गोणपाट दुधात शिजवलं तर बहुधा तशीच चव लागेल.

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला नाही. त्याचं मला आजही कौतुक आहे, कारण मी स्वतः कुणाचं असं ऐकून हसल्याशिवाय राहिलो नसतो.

"सर, हा शिजवायचा नसतो. पाणी उकळलं की गॅस बंद करा, जरा निवू द्या, मग पुडी सोडा आणि झाकण ठेवा. दोन मिनिटं. दूध नाही."

"आणि साखर?"

"आधी एकदा तशीच चव घेऊन बघा की."

घेतली, आणि पार बिघडलो. मग प्रत्येक पगाराला एक नवं पाकीट. निवडायचं कसं तेही त्यानेच शिकवलं. पुढच्या बाजूला तुळस मोठ्या अक्षरात असते, पण पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली तर तीच तुळस यादीत चौथ्या नंबरावर सापडते. ते पाकीट परत फळीवर ठेवायचं. पुडीत भुकटी नको, पानाचे तुकडे दिसले पाहिजेत. पाकीट फोडलं की वास आपण होऊन नाकाशी यायला हवा, नाक त्यात खुपसावं लागता कामा नये. सकाळी तुळस-आलं, जेवणानंतर गवती चहा आणि पुदिना, संध्याकाळी कॅमोमाइल नावाची बारकी पिवळी फुलं, ज्यांना उन्हात तापलेल्या पेंढ्याचा गोडसर वास यायचा. सगळ्यांत लाडका जास्वंदीचा. गणपतीला वाहतो ती जास्वंद नव्हे, तिच्याच जातीतली आंबट. काचेच्या ग्लासात पुडी सोडली की लाल धागे सुटत तळाला उतरायचे आणि मी वर्गातल्या पोरासारखा वाकून बघत बसायचो. खरं सांगतो, पन्नाशीपर्यंत मी चहा गिळत होतो. प्यायला या पुड्यांनी शिकवलं. छातीतला जाळही कमी झाला.

त्याच दिवसांत लेकीच्या बाळंतपणासाठी बायको पनवेलला गेली. घरात मी एकटा, आणि नव्याने दीक्षा घेतलेला. आमच्याकडे दुधाचा रतीब होता वरच्या धनगरवाडीतल्या एका मावशींचा. रोज पहाटे डोंगर उतरून, डोक्यावर किटली घेऊन त्या आमच्या आळीत यायच्या. मी दारातच सांगितलं, "मावशी, उद्यापासून दूध नको."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. का नको ते मी सांगितलं नाही. पाणी तापत होतं ना माझं.

खरा पराक्रम पुढच्या रविवारी, आळीच्या तोंडाशी असलेल्या सलूनमध्ये. खुर्चीत बसलो तसा न्हावी म्हणाला, "सर, चेहऱ्यावर तजेला आलाय. काय करता काय?"

मला तेवढंच हवं होतं. "दूध बंद केलं," मी म्हणालो, "आणि पोट एकदम ठणठणीत!" पुढे चहाच्या पाचही प्रकारांवर व्याख्यान द्यायचं होतं, पण तेवढ्यात त्याने तोंडाला साबण फासला. मग वस्तरा आला, आणि वस्तऱ्यासमोर मी बोलत नाही. बाहेर पडेपर्यंत व्याख्यान विसरलो. बाकावर बसलेल्यांनी मात्र पहिलं वाक्य घरी नेलं.

आठवड्याभराने सकाळी दारात मावशी. किटली खाली ठेवलेली, झाकण लावलेलं.

"मास्तर, माज्या दुधात काय खोट निघाली?"

"कसली खोट? काही नाही!"

"मग सलूनात काय बोल्लात? चार घरांनी रतीब तोडला. म्हनतात, मास्तरांचं पोट दूध सोडल्यावर बरं झालं."

माझ्या हातात तुळस-आल्याचा कप होता. तो कुठे लपवावा कळेना.

"ह्या आळीतली पोरं माज्या दुधावर मोटी झाली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त लागलं. "पान्याचा थेंब कदी घातला नाय. दूध उरलं तर मी ताक करीन. नाव गेलं त्याचं काय करू?"

"मी आत्ता घरोघर जाऊन सांगतो, मावशी."

"तुमच्या सांगन्यानंच तर झालं हे. सांगू नका. चला, सलूनात बसून प्या. चार मानसांसमोर."

गेलो. रविवारच असल्याने बाक भरलेला होता. मावशींनी किटलीतून काठोकाठ लोटा भरला आणि माझ्या हातात दिला. मी उभ्याने प्यायला लागलो. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आता मास्तरांना खांद्यावर घ्या नि ढेकर काढा!" सलून हसलं. मावशी सोडून.

लोटा संपवून मिशी पुसली आणि उरलेलं व्याख्यान दिलं: दूध चोख आहे, सोडला तो चहा, आणि का सोडला, आणि त्याऐवजी काय काय पितो. जास्वंदीपर्यंत पोचलो तेव्हा न्हावी म्हणाला, "म्हणजे दूध चांगलं, खराब तुमचं पोट?"

"हो."

"मग त्या दिवशी तसं बोलायचं ना, सर!"

"तूच साबण लावलास!"

परतताना मावशी माझ्यामागून घरी आल्या. "दाकवा तरी," म्हणाल्या, "कशापायी माजं दूध सोडलंत." मी सगळी पाकिटं मांडली. ग्रीन टी हुंगून त्या म्हणाल्या, "हे म्हशीला घाला." जास्वंदीचा ग्लास मात्र हातात धरून रंग उतरेपर्यंत बघत राहिल्या आणि फुंकर मारून घोट घेतला.

"आंबुस हाय. ब्येस लागतंय."

"बिनदुधाचा चालतो तुम्हाला?" मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, जणू मीच शोध लावला होता.

"आमी कोराच पितो की, मास्तर. दूध सगळं खाली येतं, तुमच्या घरांत. वाडीवर कोन चहात घालतंय?"

इतकी वर्षं हे दूध मी प्यायलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी दुसरी पुडी सोडली. तोही चहा त्या सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मी इतकी पुस्तकी काळजी घेऊन पीत होतो, त्यांनी नुसती चव घेतली.

पुढच्या आठवड्यात चारही घरांचे रतीब परत सुरू झाले. मावशी मुद्दाम सांगायला आल्या. मी म्हणालो, "मग मलाही अर्धा लिटर घाला उद्यापासून."

"कशाला? तुमाला सोसत नाय ना?"

"नाही सोसत. पण लोक..."

"मग नको. न सोसनाऱ्याच्या घरी दूध नासतं नि बोल मला येतो." त्यांनी किटली डोक्यावर घेतली. "घेऊ नका. कुनी इचारलं तर फक्त पुरतं बोला."

तेव्हापासून मी पुरतं बोलतो. कुणी तब्येतीची चौकशी केली की मावशींच्या चोख दुधापासून सुरुवात करून पाचही चहांपर्यंत जातो. हल्ली आळीत कुणी माझ्या तब्येतीची चौकशी करत नाही.