पंचवीस हजार सहाशेवर दिसलेली आत्या

आधी कॅमेऱ्याचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

कॅमेऱ्यात आयएसओ नावाची एक सेटिंग असते. ती वाढवली की कॅमेऱ्याला अंधारात जास्त दिसायला लागतं, आपल्या डोळ्यांपेक्षाही जास्त! पण फुकट नाही. आकडा जितका वर न्याल तितके फोटोत रेतीसारखे दाणे येतात, लाल, हिरवे, जांभळे. सगळे म्हणतात वर नेऊ नका, फोटो खराब होतो. मी सेकंडहँड कॅमेरा घेतल्यापासून नेमकं तेच करत सुटले होते. नोकरीसाठी राहते त्या सालवडच्या खोलीत दिवा बंद करून डाळीच्या डब्याचे फोटो. रूममेट म्हणायची, "अगं, डाळीची काय जत्रा भरलीय का? दिवा लाव."

तर थंडीतल्या एका अवसेला सुट्टी होती म्हणून एडवणला आत्याकडे गेले. अवसेला संध्याकाळच्या ओहोटीत समुद्र खूप लांब मागे जातो, खडक उघडे पडतात आणि बायका कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले, फोडायला जातात. मला तेच हवं होतं. कातरवेळ, ओले खडक, वाकलेल्या बायका, आणि माझा आयएसओ!

"आत्या, मी येऊ खडकावर?"

"नको बाय. तुज्या त्या डबड्यात पाणी गेलं तर रडत बसशील. आनि कालवं पाय फाडतात." तिने साडीवर दादाचा, म्हणजे तिच्या मुलाचा, कंपनीचा जुना पांढरा शर्ट चढवला होता. जाता जाता हात करून तिने मला एक पट्टा दाखवला. किनारा आणि खडक यांच्या मधे खोलगट भाग आहे. भरती समोरून येताना दिसत नाही म्हणाली, आधी ती बाजूने या पट्ट्यात शिरते. "मानूस म्होरं बघत ऱ्हातो नि पाणी मागं येऊन उबं."

मी वाळूवर थांबले. सूर्य गेला. बायका डोक्यावर पाट्या घेऊन परतायला लागल्या, मी आयएसओ वाढवत फोटो काढत होते. "माजं तोंड काळं नको काडू गं!" एक ओरडली, बाकीच्या हसल्या. मी इतकी खूश होते की कोण आलं, कोण राहिलं, बघितलंच नाही.

तेवढ्यात बोईसरहून ड्युटी संपवून दादा आला. "आय कुठंय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ती पुडच्या खडकावर गेली," शेजारची काकी म्हणाली. "मोठी कालवं हायत तिकडं. बोलली, तुमी चला, मी येतंय मागनं."

मागे काहीच नव्हतं. खडकही दिसेनात. उजवीकडे लांब, तारापूरच्या बाजूला, आभाळाला कंपन्यांचा पिवळट उजेड लागला होता. त्याच्याखाली सगळं काळं. आणि त्या पट्ट्यातून पाण्याचा आवाज यायला लागला होता, चुळुक चुळुक, कोणीतरी कपडे खंगाळतंय असा.

आत्याने दाखवलेला तोच पट्टा.

मग सगळ्यांनी मोबाईलच्या बत्त्या काढल्या. दादा हाका मारतोय, पोरं बत्त्या घेऊन किनाऱ्याने वर पळतायत, खाली पळतायत. बत्तीचा उजेड पाण्यावरच्या धुक्यात अडकत होता, पुढे जातच नव्हता. मी कॅमेरा उचलला.

"फोटो कसले काडतेस गं!" दादा फाटलेल्या आवाजात ओरडला. "माजी आय हाय तिकडं!"

"काढत नाय रे, बघतेय! याला अंधारात दिसतं! पण बत्त्या बंद करा, उजेडाने सगळं पांढरं होतंय!"

"बंद कशी करशील?" काकी म्हणाली. "बत्ती नाय दिसली तर ती येईल कुनीकडं?"

बरोबरच होतं तिचं. पण आम्हाला तर तीच दिसत नव्हती. दादाने माझ्याकडे बघितलं, मग जोरात ओरडला, "बंद करा रे सगळे!"

बत्त्या विझल्या. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. काकीची पाटी पालथी घातली, त्यावर कॅमेरा टेकवला, आयएसओ पंचवीस हजार सहाशेवर नेला. शटर जास्त वेळ उघडं ठेवता येत नव्हतं, माणूस हललं तर पुसलं जातं. एक फोटो. दुसरा. तिसरा. चौथा. "लावा बत्त्या!"

पहिला फोटो उघडला. नुसते दाणे. जिकडे बघावं तिकडे आत्या, आणि कुठेच आत्या नाही. मग मी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असं बटण दाबत राहिले. दाणे दर फोटोत जागा बदलतात, उड्या मारतात. पण डावीकडे एक पांढुरका ठिपका होता, तो दोन्हीत तिथेच.

"ही! दादा, ही बघ!"

तिसऱ्या फोटोत ठिपका उजवीकडे सरकला होता. कुठे? जिथे आत्ता आत्ता पोरं बत्त्या घेऊन पळत होती तिकडे. पट्टा तिकडेच सगळ्यात खोल.

चौथ्या फोटोत ठिपका नव्हता.

"ती बत्त्यांच्या मागे चाललीय! पळू नका, एका जागी उभे राहा!"

दादाने पोरांना शिव्या घालून गोळा केलं. जिथून बायका नेहमी उतरतात तिथे सगळ्या बत्त्या एकत्र, उंच, गप्प. तो स्वतः पाण्यात शिरला. गुडघा, कंबर. मग त्याची पाठही दिसेना. मी कॅमेरा छातीशी आवळून धरला, फोटो काढायची हिंमतच होईना. परत ठिपका नसला तर?

मग अंधारातून आवाज आला. "आता कसं! ऱ्हायलात ना उबे एका जागी!"

दादाच्या खांद्याला धरून ती आली. छातीपर्यंत ओली, पाटी नाही, दात वाजतायत. "कालवं गेली माजी," हेच म्हणत राहिली.

घरी चुलीपुढे बसल्यावर हळूच बोलली, "एक बत्ती इकडं, एक तिकडं. कुनाच्या मागं येऊ? आनि मंग सगल्याच विजल्या. तवाच पाय सरकला. वाटलं, गेली सगली घरी."

मी तिच्या पाठीवर गोधडी सारखी करत बसले.

दुसऱ्या दिवशी सालवडला परतले आणि त्याच्या पुढच्या सकाळी लॅपटॉपवर ते फोटो उघडले. दाणे कमी करायची एक पट्टी असते सॉफ्टवेअरमध्ये. सहज सवयीने तिसऱ्या फोटोवर ती ओढली. एकदम साफ! समुद्र मऊ, काळाभोर, आभाळाला पिवळी कड, बघत राहावं असा फोटो. आणि आत्या नाही. दाण्यांसोबत तिलाही पुसून टाकलं होतं त्याने.

लगेच पट्टी मागे ओढली. दाणे आले. ठिपका आला. तरी मी फोन लावला.

"काय गं बाय, एवड्या सकाली?"

"काही नाही. कुठंयस?"

"कुटं असनार? घरात. चाय टाकलाय."

"बरं," मी म्हटलं. "ठेवू नको लगेच."