बाभळीवरचा किडा

तीस वर्षं श्रीगोंद्याकडं शुगर फॅक्टरीत मिलच्या खडखडाटात काढली. कानात कापूस घालायचा म्हटलं की आम्ही हसायचो, कापूस घालतो तो कसला गडी! रिटायर होऊन माळावरच्या घरी आलो, तर बायकोनं तिच्या शेळ्या माझ्या हवाली केल्या.

"बाभळीवरचा किडा किर्रर्र वरडाय लागला की शेळ्या सावलीला घ्यायच्या. गप झाला की मगच सोडायच्या," ती म्हणाली. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळे असंच करतात, घड्याळ कोण बघतो?

किडा काही ओरडला नाही. आठवडा गेला, तरी नाही. फवारण्या करून करून मारले तुम्ही सगळे, असं मी पारावर ऐकवलं. लोक हसले. हसू देत, म्हटलं, अडाणी लेकाचे.

वैशाखात तिची गाभण शेळी भर उन्हात आडवी झाली. पाणी पाजलं, पण कुठलं काय. सांजेपर्यंत गेली, पोटातल्या करडांसकट. बायको त्या करडांची महिनाभर वाट बघत होती. मला रडू आलं नाही. स्वतःचा रागही आला नाही. भाकरी वाढली, ती खाल्ली.

"टळटळीत उन्हात ठिवलीच कशी तुमी?"

"किडा ओरडलाच नाही."

"लाज वाटू द्या जरा! सकाळपासनं कानठळ्या बसत्यात."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाताला धरून बाभळीखाली नेलं. खोडावर खोडाच्याच रंगाचा एक किडा बसला होता. तिनं तो अलगद धरला, माझ्या मुठीत दिला आणि मूठ माझ्या कानाला लावली.

"आता सांगा, वरडत न्हाई म्हनून."

मूठ आतून थरथरत होती. आवाज नव्हता. बोललेलं सगळं ऐकू यायचं, म्हणून कानांची शंका मला कधी आलीच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. बघता बघता तिचा राग उतरला. तो राहिला असता तर बरं झालं असतं.

"सोडा त्याला," ती म्हणाली. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलतात तसं.