लिंबू पिळणारा कारागीर

सत्त्याण्णव साली बेंगळूरच्या सिटी मार्केटमागे तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नाव मी विचारलंच नाही.

माझे वडील, अप्पा, गेल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर आम्ही देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. दर दसऱ्यात आयुधपूजेला त्याला हळदकुंकू वाहायचो. तीन वर्षांनी अप्पांचं लिखाण वाचावं म्हणून बटण दाबलं, तर ढिम्म. म्हणून तो उचलून त्या कारागिराकडे नेला.

त्यानं आतला मुख्य बोर्ड काढला, नाकाशी नेऊन हुंगला आणि खिशातून लिंबू काढलं. दृष्ट काढतोय वाटून मला बरं वाटलं. त्यानं ते कापलं आणि सरळ बोर्डावर पिळलं! मी किंचाळलोच.

"स्वल्प थांबा, सर," टूथब्रशनं हिरवा थर घासत तो कन्नडमिश्रित मराठीत म्हणाला. "बॅटरी गळलीय. तिचा खार लिंबानंच जातो."

मग नखावर कुंकवाचा कण धरून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पूजा दर वर्षी केलीत. चालू किती वेळा केलात?"

"एकदाही नाही, अण्णा."

"म्हणूनच गळली. चालवला असतात, तर बॅटरी भरत राहिली असती."

लिंबू पिळल्यावर ओरडलो होतो. आता उरलेली फोड मीच त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला. तो पुन्हा देव्हाऱ्याजवळ ठेवायला मात्र माझा हात धजावला नाही.